पडायला परवडेल अशी गाडी

व्हीली, म्हणजे पुढचं चाक उचलून नुसत्या मागच्या चाकावर गाडी चालवणं, शिकायची म्हणून जो कुणी विचारायला येतो, त्याच्या डोळ्यांपुढे आधीच ड्यूक ३९० सारखी दणकट ताकदीची गाडी उभी असते. ती राहू दे शोरूममध्ये. तू गाडी बघायला जाशील तेव्हा एवढंच तपास, ही आडवी झाली तर मला एकट्याला उचलता येईल का, आणि उचलताना पोटात खड्डा पडेल का? स्प्लेंडर साधारण ११२ किलोची, जुनी पल्सर १५० दीडशेच्या आसपास. दिवसात पंधरा वेळा उचलायची म्हटलं की हा फरक कंबरेला कळतो. शंभर सीसीच्या गाडीचं पुढचं चाक नुसती रेस दिली म्हणून वर येत नाही, क्लच आणि अंगाचा झोक दोन्ही नेमके लागतात. मोठी गाडी तुझी चूक ताकदीवर खपवून नेते आणि एके दिवशी व्याजासकट वसूल करते.

माझं मत विचारशील तर जुनी, कार्बोरेटरची (म्हणजे हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या साध्या यांत्रिक भागाची), १५० ते १६० सीसीची गाडी घे. पल्सर किंवा अपाचे, ज्यांचे पार्ट तालुक्याच्या कुठल्याही दुकानात मिळतात. कार्बोरेटर अशासाठी की आयडलिंगचा, म्हणजे रेस न देता इंजिन किती वेगात फिरतं त्याचा, स्क्रू फिरवून गाडी जरा चढी ठेवता येते, म्हणजे चाक वर असताना इंजिन बंद पडत नाही. २०२० नंतरच्या बीएस-६ (धुराच्या नव्या नियमातल्या) गाड्या बहुतेक इंजेक्शनच्या, म्हणजे पेट्रोल इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं सोडणाऱ्या, तिथे स्क्रूड्रायव्हरचं काम नाही. आणखी एक गोष्ट. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाक जॅम होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचं झालं. रस्त्यावर ते देवासारखं आहे, पण पुढे कधी स्टॉपी (पुढचा ब्रेक मारून मागचं चाक उचलणं) शिकायला घेशील तेव्हा नको तिथे ब्रेक सोडून देईल. त्याआधीची, पुढे साधी डिस्क असलेली गाडी बरी. स्वस्तात मिळते म्हणून कागद नसलेली मात्र उचलू नकोस. आरसीवरचा चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः ताडून बघ, फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घे आणि नाव करून टाक.

गाडी घरी आली की मिस्त्रीकडे एक अख्खा दिवस काढ. आरसे, इंडिकेटर, मधला स्टँड काढून ठेव. मागचं स्प्रॉकेट, म्हणजे चेनची दातेरी चकती, दोन-चार दातांनी मोठं बसव, म्हणजे कमी वेगातच चाक उठतं. दोन्ही बाजूंना जाड पाइपचा पिंजरा आणि शेपटाखाली मागचा बार वेल्डिंग करून घे. गाडी पार उभी झाली तर तो बार जमिनीला टेकतो आणि ती उलटी तुझ्या अंगावर येत नाही. बाजारातलं चकचकीत लेगगार्ड या कामाचं नाही, पहिल्या आपटीत वाकून पायावर येतं. टाकीत लिटरभरच पेट्रोल ठेव. ऑइल मात्र खुणेपेक्षा थोडं वर असू दे, कारण गाडी तिरकी राहिली की ऑइल मागे धावतं आणि पंप कोरडा ओढायला लागतो. क्लचच्या लिव्हरचा क्लॅम्प करकचून आवळू नकोस. पडल्यावर लिव्हर फिरली पाहिजे, तुटता कामा नये. हे मला तीन लिव्हर मोडल्यावर एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं हसत हसत सांगितलं. तरी खिशात एक जास्तीची ठेवच, सोबत क्लचची वायरही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, मागचा ब्रेक. चाक वर असताना तोच तुला खाली आणतो. पॅडल नुसतं टेकवताच ब्रेक लागेल इतकं चढं सेट करून घे आणि लायनर नवे टाक. उजवा पाय पॅडलवरून हलवायचा नाही, काही झालं तरी नाही. पहिल्याच रविवारी मी ऐटीत पाय मागे सरकवला होता. चाक वाटलं होतं त्यापेक्षा जास्त उठलं, अंग मागे गेलं, हात ताणले गेले, आणि हात ताणले की उजवं मनगट आपोआप मागे वळतं, म्हणजे रेस आणखी वाढते. मी ढुंगणावर बसलो होतो आणि गाडी एकटीच पन्नास फूट पुढे जाऊन आडवी झाली. तेव्हापासून किल स्विच, म्हणजे इंजिन लगेच बंद करणारं बटण, चालतो का ते रोज सकाळी बघतो.

अंगावर काय घालायचं यात घासाघीस नको. आयएसआयचं, पूर्ण तोंड झाकणारं, हनुवटीखाली घट्ट बसणारं हेल्मेट, कोपर आणि गुडघ्याचे गार्ड, हातमोजे, घोट्याच्या वर येणारे बूट. चप्पल घालून आलास तर मी तरी तुला उभा करणार नाही.

जागा मालकाला विचारून घेतलेली हवी. बंद कारखान्याचं काँक्रीटचं आवार, सुट्टीच्या दिवशीचं रिकामं गोदाम. खडी झाडून काढ, दव सुकू दे. जागेला किंचित चढ असेल तर उत्तम, वेग आपोआप मुठीत राहतो. रस्त्यावर एकदाही नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १८४, धोकादायक चालवण्याचं, आहेच, शिवाय समोरून दूधवाला येतो त्यानं काय पाप केलं? अठरा पूर्ण नसतील तर वडिलांवर २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद येऊ शकते. पिंजरा लावलेली गाडी चालवतही नेऊ नकोस, छोटा हत्ती सांग.

सोबत एक जाणता माणूस हवा, मोबाइलवर शूटिंग करणारा नव्हे. पहिल्या दिवशी चाक उचलायचंच नाही. चालण्याच्या वेगात इंग्रजी आठ काढ, दोन बोटांनी क्लच धरायची सवय लाव, हुकमी ब्रेक मार. दुसऱ्या खेपेला पहिल्या गिअरमध्ये, दहा-पंधराच्या वेगात क्लच दाब, रेस दे, सोड, आणि चाक वीतभर उठताच मागच्या ब्रेकनं खाली आण. वीतभरच. पन्नास वेळा खाली आणता आलं की मग आणखी वर न्यायची गोष्ट.

पाणी, मलमपट्टीची पेटी, १० आणि १२ चा पाना, बाइंडिंग वायर पिशवीत टाक. छोटा हत्तीवाल्याला दोन तासांनी ये म्हणून सांग. पहिल्या दिवशी तासाभरातच डावं मनगट भरून येतं आणि उरलेला तास झाडाखाली बोटं मोडत बसण्यात जातो.