मराठी-कन्नड दुकानासाठी फॉन्ट निवडण्याआधीची तयारी

दुकान ऑनलाइन न्यायचं म्हटलं की बेळगावात भाषेचा प्रश्न एका वाक्यात मिटतो: मराठी, कन्नड, इंग्रजी, तिन्ही ठेवा. अडतं त्यापुढे. इंग्रजीला हौसेनं फॉन्ट निवडला जातो, मराठीला मिळेल तो, आणि कन्नडला ज्याच्या त्याच्या फोनमध्ये असेल तो. निपाणीचं मराठी गिऱ्हाईक आणि गोकाकचं कन्नड गिऱ्हाईक एकाच दुकानात येणार. एकाच्या लिपीला नेटकं अक्षर आणि दुसऱ्याच्या लिपीला उरलंसुरलं, हे आपल्या भागात लगेच डोळ्यांवर येतं. म्हणून साइटचा रंग ठरवण्याआधी पुढची कामं उरकून घ्या.

सगळ्यात आधी मजकूर गोळा करा आणि तो युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोन-संगणकाला कळणाऱ्या प्रमाण अक्षरांत, आहे का ते बघा. जुनं दरपत्रक डीटीपीवाल्याकडचं असेल तर मराठी श्रीलिपीत आणि कन्नड नुडीत किंवा बरहात असण्याची दाट शक्यता. या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्या युनिकोड देतात, पण जुन्या फायलींतली अक्षरं त्या त्या फॉन्टपुरतीच असतात. कॉपी करून साइटवर टाकली की नुसती रोमन अक्षरांची गिचमीड. कन्व्हर्टर मिळतात. रूपांतर झाल्यावर मात्र एकेक ओळ डोळ्यांखालून घाला, रफार आणि जोडाक्षरं तिथेच घसरतात.

मग चाचणीचं एक पान बनवा. त्यात ‘नमुना मजकूर’ नको, स्वतःचा माल लिहा: बेळगावी कुंदा, गोकाकचं करदंट, शहापुरी साडी, अथणीच्या कोल्हापुरी चपला. (या चपलांच्या २०१९ च्या भौगोलिक मानांकनात बेळगाव जिल्हाही आहे, तेव्हा ‘कोल्हापुरी’ लिहायला संकोच नको.) यात मुद्दाम गिऱ्हाईक, दुसऱ्या, ॲडव्हान्स, ऑर्डर, किलो आणि ₹ हे घाला. ‘गिऱ्हाईक’ नीट टाइप करूनही त्यातला र चंद्रकोरीसारखा आडवा न येता पाय मोडून सुटा उभा राहिला, तर तो फॉन्ट मराठीसाठी बाद. हिंदीपुरत्या केलेल्या फॉन्टमध्ये हे राहून जाऊ शकतं. ₹ चिन्ह २०१० साली आलं, त्याआधीच्या फॉन्टमध्ये ते नसतंच. किमतीच्या आधी रिकामी चौकट दिसली तर कारण बहुधा हेच.

कन्नडच्या चाचणीत ओत्तक्षरं, म्हणजे कन्नड जोडाक्षरांत खाली बसणारी अक्षरं, हवीत. मराठीत जोडाक्षर बहुतेक वेळा आडवं बसतं, कन्नडमध्ये दुसरं व्यंजन पहिल्याच्या खाली उतरतं. ‘चप्पलि’, ‘अक्कि’ यांत एक थर, ‘स्त्री’मध्ये दोन. आता हाच शब्द ‘खरेदी करा’च्या बटणाएवढ्या पट्टीत टाका. इंग्रजीच्या मापानं बटणाची उंची ठरवली असेल तर खालचं ओत्तक्षर कापलं जातं, आणि ओळी जवळ असतील तर ते खालच्या ओळीतल्या वेलांटीवर आदळतं. ओळीची उंची अक्षराच्या दीडपट ते पावणेदोनपट धरा आणि बटणाची उंची मजकुरावर सोडा. कन्नड अक्षरं गोल आणि रुंद, शब्दही लांबतात. मराठीत एका ओळीत बसलेला मेनू कन्नडमध्ये दोन ओळी घेणार, हे गृहीत धरूनच आखणी करा.

आता फॉन्ट. निवड कन्नडपासून सुरू करा, कारण देवनागरीत पर्याय भरपूर आणि कन्नडमध्ये त्यामानानं कमी. मुक्ता हा फॉन्ट पाहिला की मराठी दुकानदाराला तोच आवडतो, पण त्या कुटुंबात कन्नड नाही. तो बनवणाऱ्या ‘एक टाइप’ या संस्थेचाच ‘अनेक’ नावाचा फॉन्ट घ्या: देवनागरी, कन्नड, लॅटिन तिन्ही एकाच कुटुंबात, एकमेकांना जुळवून केलेले, आणि जाडीबरोबर रुंदीही कमीजास्त करता येते. लांब कन्नड शब्द किंचित आवळून एका ओळीत आणता येतो, म्हणून छोट्या दुकानाला मी हाच सुचवतो. नोटो साधा, भरवशाचा, जरा सरकारी दिसतो. बलूचं देवनागरी आणि बलू तम्मा हे कन्नड मिठाईच्या किंवा खेळण्यांच्या मथळ्यांना शोभतात; मालाचं वर्णन त्यात लावू नका, डोळे दमतात. पारंपरिक, छापील वळण हवं असेल तर तिरो देवनागरी मराठी आणि तिरो कन्नड ही जोडी आहे. हे सगळे खुल्या परवान्याचे आहेत, दुकानाला वापरायला पैसे पडत नाहीत. परवान्याची फाइल तेवढी फॉन्टसोबत जपून ठेवा.

जोडी लावली की तिन्ही लिप्या एका ओळीत ठेवून लांबून बघा. सारख्या आकड्याचा आकार लावूनही देवनागरी इंग्रजीपेक्षा बारीक वाटते. लिपीनिहाय आकार थोडा वाढवा. ठळक अक्षराची खरी फाइल नसेल तर ब्राउझर रेघ फुगवतो आणि कन्नड अक्षरांची पोकळी बुजते. तिरपी अक्षरं दोन्ही लिप्यांत टाळा. अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते. किमतीचे आकडे तिन्ही भाषांत इंग्रजीच ठेवावेत असं माझं मत आहे. बाजारात सगळे तेच वाचतात.

प्रत्येक पानाच्या कोडात भाषा नोंदवा: मराठीला ‘एमआर’, कन्नडला ‘केएन’. घाईत मराठी पानावर हिंदीचा ‘एचआय’ राहून जातो. फॉन्टमध्ये सोय असेल तर या नोंदीवरच ल आणि श यांची मराठी वळणं येतात. पाकळीचा ल आणि देठाचा श ही महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या निर्णयातलीही रूपं आहेत. आणि भाषा बदलायच्या बटणावर झेंडे नकोत, प्रत्येक भाषेचं नाव तिच्याच लिपीत लिहा. म्हणजे मराठी पानावरही एक कन्नड शब्द येणारच. त्या एका शब्दासाठी अख्खा कन्नड फॉन्ट उतरवू नका, फोनमधला चालतो. एरवी ज्या भाषेचं पान त्याच भाषेची फाइल उतरू द्या. खानापूरच्या आडगावात रेंज जाते-येते, तोवर फोनमधल्या फॉन्टमध्ये मजकूर दिसत राहील अशी सेटिंग ठेवा. फाइल हलकी करण्यासाठी अक्षरं छाटणारी साधनं कधी जोडाक्षरांचे नियमही छाटून टाकतात. छाटल्यावर चाचणीचं पान पुन्हा उघडा.

शोधपेटीही तपासा. ‘ॲ’ एकसंध अक्षर म्हणूनही टाइप होतं आणि अ वर चंद्र देऊनही. डोळ्याला फरक दिसत नाही, पण संगणकाला ती दोन वेगळी अक्षरं. एक रूप ठरवून सगळा माल त्याच रूपात नोंदवा. ऑर्डरचे एसएमएस मराठीत किंवा कन्नडमध्ये पाठवणार असाल तर एका संदेशात १६० ऐवजी ७० अक्षरंच मावतात, मजकूर आधीच आटोपशीर करा.

सगळ्यात जास्त विसरली जाते ती पावती. साइट देखणी, आणि पीडीएफ बिलात ‘किलो’ची वेलांटी क च्या मागे जाऊन पडलेली. बिल बनवणाऱ्या बऱ्याच प्रणालींना भारतीय लिप्या जुळवता येत नाहीत. फॉन्ट बदलून हे सुटत नाही, ती प्रणालीच बदलावी लागते. लेबलच्या छोट्या प्रिंटरला तर अक्षरांऐवजी चित्रच पाठवणं बरं. तेव्हा मराठी आणि कन्नड नावापत्त्याची एकेक खोटी ऑर्डर टाकून बिल, लेबल, ईमेल सगळं छापून बघा. कन्नड कागद कन्नड शाळेत शिकलेल्या माणसाच्या हातात द्या. फाडफाड कन्नड बोलणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत, पण त्यातले सगळेच ती लिपी वाचत नाहीत, आणि चुकलेलं ओत्तक्षर बोलणाऱ्याला नाही, वाचणाऱ्यालाच दिसतं.