गॅस बर्नरमधून निघणारे नायट्रोजन ऑक्साइड कमी कसे करावेत

नैसर्गिक वायूच्या रेणूंत बांधलेला नायट्रोजन जवळजवळ नसतोच, त्यामुळे औद्योगिक गॅस बर्नरमधील नायट्रोजन ऑक्साइड मुख्यतः ज्वलनाच्या हवेतील नायट्रोजनपासून तयार होतात. ज्योतीचे तापमान सुमारे १५०० अंश सेल्सिअसच्या पुढे गेले की ही निर्मिती झपाट्याने वाढते. म्हणून ज्योतीचा सर्वांत तप्त भाग निववणे आणि तेथे प्राणवायू बेताचा ठेवणे, हेच बहुतेक उपायांचे उद्दिष्ट असते.

प्रथम मोजमाप करावे. चिमणीतील ऑक्सिजन, कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजन ऑक्साइड कमी, मध्यम व पूर्ण भारावर एकाच वेळी मोजावेत, कारण एक घटक घटवताना दुसरा वाढू शकतो. जादा हवेने धूरवायू विरळ होऊन आकडा कमी दिसतो, म्हणून तो ठरावीक ऑक्सिजनच्या आधारावर आणावा: ६ टक्के ऑक्सिजन असताना मिळालेले १०० पीपीएम (दहा लाखांत १०० भाग) हे ३ टक्के ऑक्सिजनच्या आधारावर सुमारे १२० पीपीएम ठरतात. बाहेरची हवा गळतीतून आत येत असेल, तर असा आधारावर न आणलेला आकडा उगाच समाधान देतो.

त्यानंतर जादा हवा, म्हणजे ज्वलनाला लागते त्याहून अधिक दिलेली हवा, तपासावी. साध्या नोझल बर्नरमध्ये ती कमी केल्याने थोडा फायदा होतो, मात्र कार्बन मोनॉक्साइड चढू लागताच थांबावे. आधीच हवा मिसळून जाळणाऱ्या बर्नरमध्ये गणित उलटे असते: तेथे हवा वाढवल्यानेच ज्योत निवते. हवा पूर्वतापित केल्याने इंधन वाचते, परंतु ऑक्साइड वाढतात, हेही हिशेबात धरावे.

माझ्या मते चालू बॉयलरसाठी सर्वांत उपयुक्त मार्ग म्हणजे धूरवायूचा १० ते २० टक्के भाग ज्वलनाच्या हवेत परत मिसळणे. मात्र पंख्याची क्षमता पुरते का ते आधी पाहावे, नलिकेला उष्णतारोधक आवरण द्यावे, अन्यथा आत पाणी साचते, आणि बॉयलर तापल्यावरच झडप हळूहळू उघडावी. ज्योत थरथरू लागली किंवा घुमल्यासारखा आवाज आला, तर प्रमाण लगेच घटवावे. टप्प्याटप्प्याने इंधन सोडणारा बर्नर बसवायचा असल्यास लांबलेली ज्योत भट्टीच्या भिंतीला टेकणार नाही याची खात्री करावी.

एवढे करूनही मर्यादा गाठता आली नाही, तरच अमोनिया व उत्प्रेरकाच्या खर्चिक प्रक्रियेकडे वळावे. तिला साधारणपणे ३०० ते ४०० अंश तापमानाचा धूरवायू लागतो. प्रत्येक बदलानंतर प्रशिक्षित तंत्रज्ञाकडून ज्योत-संवेदक आणि धोका दिसताच बर्नर बंद करणारी सुरक्षा यंत्रणा तपासून घ्यावीत, आणि थंड बॉयलर पेटवून कमी भारावरचे मोजमाप पुन्हा करावे.