गुळाच्या वेष्टनावर सोनेरी तपकिरी रंग कसा बसवावा

गूळ, काकवी, मध किंवा भाजणीच्या वेष्टनासाठी सोनेरी तपकिरी रंग सुचवला की उत्पादक सहसा लगेच होकार देतात. अडचण पुढे येते, कारण हा रंग शेजारच्या रंगावर फार अवलंबून असतो. तपकिरी हा मुळात काळवंडलेला नारिंगीच आहे. सायीच्या रंगाशेजारी तो तपकिरी दिसतो आणि काळ्या पार्श्वभूमीवर तोच नारिंगीकडे झुकतो. त्यामुळे छटा निवडण्याआधी ती कशाशेजारी बसणार आहे, हे ठरवावे.

उदाहरण म्हणून २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालेला कोल्हापुरी गूळ घेऊ. ढेप फोडून एक खडा दिवसाच्या उजेडात पांढऱ्या कागदावर ठेवावा. पातळ कडेला तो मधासारखा पिवळसर दिसतो, तर जाड भागात दाट आणि तांबूस. वेष्टनासाठी या दोहोंच्या मधली छटा घ्यावी. पिवळ्याचा मोह मात्र आवरावा. फार पिवळा गूळ पाहिला की जाणत्या गिऱ्हाइकाला हायड्रॉसची, म्हणजे गुळाचा रंग उजळ करायला घालतात त्या रसायनाची, शंका येते, आणि रसायनविरहित म्हणून विकायच्या गुळाला पिवळेधमक वेष्टन दिले, तर ते मालाविषयीच संशय निर्माण करते.

संगणकावर सुरुवातीला हेक्स ९९६५१५ ही छटा घ्यावी, म्हणजे लाल १५३, हिरवा १०१ आणि निळा २१. तिच्यावर पांढऱ्या अक्षरांचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर, सुमारे ४.९७ येतो, म्हणजे वाचनीयतेसाठी सुचवलेली ४.५ ची किमान मर्यादा जेमतेम ओलांडली जाते. काळ्या अक्षरांचा तोच आकडा ४.२ च्या आसपास राहतो. छटा थोडी उजळ करून लाल १८४, हिरवा १३४, निळा ११ केली, की पांढरी अक्षरे ३.२५ पर्यंत घसरतात. वजन, किंमत आणि घटक यांची बारीक अक्षरे तिथे मुळीच पांढरी ठेवू नयेत.

छपाईत खरी परीक्षा होते. साध्या गणिताने पहिली छटा छपाईच्या चार शाईंच्या टक्केवारीत सायन (निळसर) ०, मॅजेंटा (गुलाबीसर) ३४, पिवळा ८६ आणि काळा ४० अशी येते. पण कोटिंग नसलेल्या कागदात शाई मुरते आणि रंग मळकट होतो, म्हणून काळा ३० पर्यंत उतरवून त्याच कागदावर प्रूफ, म्हणजे छपाईचा नमुना, मागावे. खाकी क्राफ्ट पिशवीवर मी एकदा ही काळजी घेतली नव्हती. ऑफसेटची शाई पारदर्शक असल्याने सोनेरी अक्षरे कागदाच्या रंगात विरून गेली आणि ब्रँडचे नाव हातभर अंतरावरूनही वाचता येईना. अशा पिशवीवर खाली पांढऱ्या शाईचा थर द्यावा, नाहीतर अक्षरांसाठी सरळ गडद कॉफी रंग घ्यावा.

जोडीला सायीचा रंग भरपूर आणि शाईसारखा गडद निळा अगदी थोडा पुरेसा होतो. निळा हा नारिंगीच्या समोरचा रंग असल्याने सोनेरीपणा त्याच्याशेजारी उठून दिसतो. भडक लाल मात्र शेजारी आला की सोनेरी छटा मावळते. सोनेरी फॉइल वापरायचेच असेल, तर ते केवळ ब्रँडच्या नावावर ठेवावे.

शेवटी छापलेला नमुना किराणा दुकानाच्या फळीवर, ट्यूबलाइटखाली, इतर गुळाच्या पुड्यांशेजारी ठेवून चार पावलांवरून पाहावा आणि मगच छापखान्याला होकार द्यावा.