आवडता रॉक बँड ठरवायचाय? मग त्यातला माणूस एकटाही ऐकून बघा

"क्वीन भारी की डेव्हिड बोवी भारी" असला वाद व्हॉट्सॲपवर एकदा पेटला की रात्री दोनपर्यंत चालतो आणि सकाळी कोणाचंच मत तसूभरही हललेलं नसतं. हलणार कसं, एकीकडे चौघांनी भांडत भांडत केलेलं काम, दुसरीकडे एका माणसाचं डोकं, गाणी वेगळी, आवाज वेगळा, मग मोजायचं कशावर? त्यापेक्षा बँडची तुलना त्याच बँडमधल्या माणसाच्या सोलो कामाशी करा. माणूस तोच, गळा तोच, फक्त बाजूची मंडळी गायब. त्यांच्या नसण्यानं काय फरक पडला तेवढंच शोधायचं.

पण त्याआधी आवडत्या बँडची लिस्ट नीट करा. ॲपवर बँडच्या पेजवर जी टॉप पाच गाणी दिसतात त्यांच्यावर जाऊ नका, ती बऱ्याचदा कुठल्यातरी सिनेमामुळे नाहीतर रीलमुळे वर आलेली असतात. एक अख्खा अल्बम घ्या, शफल बंद करा आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐका. पिंक फ्लॉइडचा १९७३ चा 'द डार्क साइड ऑफ द मून' तर शफलवर लावूच नका, त्यातली बरीच गाणी एकातून दुसऱ्यात सरकत जातात, मधेच तोडली की मजाच जाते. हिट गाणं सोडून दुसरी दोन-तीन गाणी परत लावाविशी वाटली तर बँड लिस्टमध्ये. नाहीतर तुम्हाला ते एक गाणं आवडतं, बँड नाही, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

अजून एक, बँड म्हणजे नक्की कुठली लाइनअप, म्हणजे कुठली माणसं असतानाचा बँड, ते ठरवा. फ्लॉइडमधून सिड बॅरेट १९६८ ला गेला, रॉजर वॉटर्स १९८५ ला बाहेर पडला, नाव मात्र तेच राहिलं. कोणी "मला फ्लॉइड आवडतात" म्हटलं की मी आधी "कुठले?" असं विचारतो, लोक वैतागतात, पण विचारायलाच पाहिजे.

मग क्रेडिट्स, म्हणजे गाणं कोणी लिहिलं, कोणी वाजवलं याची नावं, बघा. बऱ्याच ॲपवर गाण्याच्या मेनूत असतात, कोणी बघत नाही ही गोष्ट वेगळी. क्वीनचं उदाहरण घ्या. आपल्याकडे क्वीन म्हणजे फ्रेडी मर्क्युरी, विषय संपला, आणि त्यात तो लहानपणी पाचगणीच्या बोर्डिंगमध्ये शिकलेला, तिथेच 'द हेक्टिक्स' नावाच्या शाळेतल्या बँडमध्ये वाजवलेला, त्यामुळे आपल्याला जरा जास्तच आपला वाटतो. पण 'वी विल रॉक यू' लिहिलंय गिटारवाल्या ब्रायन मेनं, 'अनदर वन बाइट्स द डस्ट' बेस वाजवणाऱ्या जॉन डीकननं, आणि 'रेडिओ गा गा' ड्रमर रॉजर टेलरनं. चौघंही हिट गाणी लिहिणारे, असे बँड फार नाहीत.

आता खरी टेस्ट, आणि यासाठी हेडफोन घ्याच, मोबाइलच्या स्पीकरवर काही कळणार नाही. फ्रेडीनं १९८५ मध्ये 'मिस्टर बॅड गाय' नावाचा सोलो अल्बम काढला, त्यात 'आय वॉज बॉर्न टू लव्ह यू' आहे. फ्रेडी १९९१ मध्ये गेला, नंतर उरलेल्या तिघांनी त्याचा तोच रेकॉर्ड केलेला आवाज घेऊन स्वतःचं वाजवणं भरलं आणि १९९५ च्या 'मेड इन हेवन' मध्ये तेच गाणं क्वीनच्या नावानं आलं. म्हणजे एकच गळा, एकच चाल, पण एकदा बँडशिवाय आणि एकदा बँडसकट, असं आयतं कुठे मिळतं? दोन्ही पाठोपाठ लावा. पहिल्यांदा आवाजाकडे लक्षच देऊ नका, फक्त ड्रम ऐका. परत लावा आणि फक्त गिटार ऐका. सोलोमध्ये सगळा डिस्कोचा थाट, सिंथ (इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड) चमकतोय, माणूस मजेत नाचतोय. क्वीनवाल्यात ब्रायन मेची गिटार भिंतीसारखी मागे उभी राहते, ड्रम जड होतात आणि तोच आवाज एकदम स्टेडियममध्ये गेल्यासारखा वाटतो. मला क्वीनचं जास्त आवडतं, पण एक गोम आहे, या वेळी "हे असं नको" म्हणायला फ्रेडी तिथे नव्हता. त्याला एकट्याला काय करावंसं वाटत होतं ते सोलोमध्येच ऐकू येतं, म्हणून तो अल्बम कितीही कमी-जास्त वाटला तरी ऐकाच.

कधी उलटंही होतं. बीटल्सच्या १९६९ च्या 'ॲबी रोड' मध्ये त्यांच्या जॉर्ज हॅरिसनची गाणी दोनच, कारण बँडची बहुतेक गाणी लिहिणाऱ्या लेनन-मॅककार्टनी जोडीपुढे त्याचा नंबर लागायचाच नाही. पुढच्याच वर्षी बीटल्स फुटले आणि यानं थेट तीन रेकॉर्डचा 'ऑल थिंग्ज मस्ट पास' काढला, ज्याचं टायटल साँग बीटल्सबरोबर वाजवून बघितलेलं पण तिथे ते अल्बमवर आलंच नव्हतं. त्याच वर्षी मॅककार्टनीनं घरात बसून जवळपास सगळी वाद्यं स्वतः वाजवत अल्बम केला, तो गोड आहे, पण मधेमधे "अरे, हे अर्धवट आहे, पूर्ण कर" असं सांगणारा लेनन हवा होता असं वाटतंच. तेव्हा बँड माणसाला सुधारतोय की दाबतोय, हे माणसागणिक बघायला लागतं.

नावांवरून फसू नका हेही सांगतो. नाइन इंच नेल्स नावानं बँड, पण कित्येक वर्षं अधिकृतपणे एकटा ट्रेंट रेझनर. फू फायटर्सचा १९९५ चा पहिला अल्बम डेव्ह ग्रोलनं जवळजवळ एकट्यानं वाजवलेला. ब्रूस स्प्रिंगस्टीन नावानं सोलो, पण मागे ई स्ट्रीट बँड नसेल तर काय होतं ते 'बॉर्न टू रन' नंतर लगेच १९८२ चा 'नेब्रास्का' लावला की कळतं, तो त्यानं घरीच चार ट्रॅकच्या कॅसेट मशीनवर रेकॉर्ड केलेला. दोन्ही जबरदस्त, पण दोन वेगळ्या खोल्यांमध्ये ठेवण्याच्या गोष्टी. त्यामुळे लिस्टमध्ये नाव टाकताना पोस्टरवर काय लिहिलंय ते सोडा, वाजवलं कोणी आणि ठरवलं कोणी ते बघा.

लाइव्ह एकदा तरी बघा. क्वीनचा १३ जुलै १९८५ चा लंडनच्या वेंबली स्टेडियमवरचा, लाइव्ह एड या मदतनिधीच्या मैफलीतला सेट जेमतेम वीस मिनिटांचा आहे, चहा पिता पिता होईल. सगळे फ्रेडीकडे बघतात, तुम्ही दुसऱ्यांदा बघताना डीकनकडे बघा.

बाकी गुण, स्टार, दहापैकी साडेसात वगैरे मी देत नाही. दोन रांगा करतो, बँड एकीकडे, सोलो दुसरीकडे, आणि एकाच माणसाचं नाव दोन्हीकडे आलं तर येऊ देतो. हॅरिसन माझ्याकडे दोन्हीकडे आहे. स्टिंग मात्र फक्त बँडच्या रांगेत, त्याच्या द पोलीस या बँडसाठी, १९८५ च्या पहिल्या सोलो अल्बमवर त्यानं ब्रॅनफर्ड मार्सालिससारखे एकाहून एक जॅझवाले घेतले, वाजवलंयही सुरेख, पण द पोलीसच्या स्ट्युअर्ट कोपलंडचे ते अंगावर येणारे ड्रम नाहीत आणि मला तेच हवे असतात. पटत नसेल तर जरूर भांडा, फक्त आधी द पोलीसचा 'सिंक्रोनिसिटी' आणि स्टिंगचा तो सोलो अल्बम, दोन्ही पूर्ण ऐकून या.