सिगारेट सोडली, आता खर्रा नको

नागपुरात सिगारेट सोडणाऱ्याचा पाय बरेचदा खर्र्यात, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणात, अडकतो. टपरीवर चहासोबत हात रिकामा वाटतो, मित्र पन्नीत घोटलेला खर्रा पुढे करतो, ‘अर्धाच घे’ म्हणतो. घेऊ नका. त्यातही तंबाखूच असते, त्यामुळे निकोटीनची सवय तशीच राहते. वर सुपारीने तोंड आखडत जातं. स्वतःची तीन बोटं उभी तोंडात जात नसतील, तर दंतवैद्याला लगेच दाखवा.

तलफ काही मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ टपरीपासून लांब चालत राहा. खिशात बडीशेप किंवा लवंग ठेवा, साधी सुपारीही नको. सुरुवातीला चिडचिड होते, झोप मोडते, घाबरू नका. एकट्याने जमत नसेल तर १८००-११-२३५६ या मोफत राष्ट्रीय क्विटलाइनवर फोन करा.