तुमची जन्मतारीख किती कॉमन आहे आणि का, हे कसं शोधायचं

एकाच ग्रुपमध्ये तिघांचे वाढदिवस एका दिवशी निघाले की कोणीतरी म्हणतंच, या तारखेला पोरं जास्तच जन्माला येतात बघ. आता काही तारखा खरंच जास्त कॉमन असतात, पण ते तीन जणांवरून कळत नाही, आणि कारणही दरवेळी "नऊ महिन्यांपूर्वी सुट्ट्या होत्या" एवढंच नसतं. मला या विषयाचं वेड आहे, जन्मतारखांचे आलेख मी तासन्‌तास बघत बसतो, आणि त्यातून एक पद्धत बसलीये ती सांगतो. आलेखाचा आकार बघायचा. टेकडी दिसतेय, खड्डा दिसतोय की सुळका, कारण तिघांचं वेगळं असतं.

आधी डेटा. इथे बहुतेक जण गंडतात. वर्षाचे सरासरी 365.25 दिवस धरले तर 10,000 लोकांमागे एका तारखेला साधारण 27 जण येतात, आणि सगळ्या तारखा अगदी सारख्या असत्या तरी नुसत्या योगायोगाने दोन-तीन तारखा 40 च्या पुढे जातात. तारखांमधला खरा फरक बरेचदा पाच-दहा टक्क्यांचाच असतो, तो दिसायला दर तारखेला निदान 400 जण तरी हवेत, म्हणजे जवळपास दीड लाख लोकांच्या नोंदी. एवढ्या नसतील तर तारखांच्या नादी लागू नका, महिने मोजा किंवा वार मोजा. आणि महिने मोजताना आकडा त्या महिन्याच्या दिवसांनी भागायचा हं, नाहीतर फेब्रुवारी उगाच मागे पडतो. (23 जणांत कोणाचे तरी दोघांचे वाढदिवस जुळण्याची शक्यता 50 टक्क्यांच्या वर असते, तेव्हा जुळले म्हणजे ती तारीख कॉमन असं होत नाही.)

दुसरं म्हणजे एकाच वर्षाचा डेटा कधीच घेऊ नका. शनिवार-रविवारी जन्म कमी होतात, आणि ते थोडेथोडके कमी नाहीत, अमेरिकेतल्या नोंदी बघितल्या तर रविवारचा आकडा मंगळवारपेक्षा एक तृतीयांशाहून जास्त खाली असतो. कारण ठरवून केलेली सिझेरियन आणि कळा आणायची औषधं देऊन केलेल्या डिलिव्हऱ्या कामाच्या दिवशी घेतल्या जातात. जगभरात पाचातला एक जन्म सिझेरियनने होतो असं जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये सांगितलं होतं, त्यामुळे हा परिणाम मोठा आहे. मग ज्या वर्षी तुमची तारीख रविवारी आली त्या वर्षी ती दुर्मिळ दिसणार आणि मंगळवारी आली की कॉमन. यावर उपाय सोपा, 28 वर्षांचा डेटा घ्यायचा, कारण तेवढ्यात प्रत्येक तारीख प्रत्येक वारी बरोब्बर चार वेळा येते. 28 वर्षं नसतील तर एक्सेलमध्ये वाराचा वेगळा कॉलम करा आणि सोमवारची तुलना सोमवारशीच करा.

29 फेब्रुवारी बाजूला काढून ठेवा. ती 1461 दिवसांत एकदाच येते, म्हणून एकूण आकड्यात सगळ्यात तळाला दिसते, पण ती जितक्या वेळा आली तितक्यानेच भागलं की शेजारच्या तारखांच्या जवळ जाते.

आता टेकडी. टेकडी म्हणजे कित्येक आठवडे पसरलेला चढ. गर्भधारणेपासून जन्मापर्यंत सरासरी 266 दिवस. एक्सेलमध्ये एका सेलमध्ये 16 सप्टेंबर 2001 टाका, शेजारच्या सेलमध्ये त्यातून 266 वजा करा, 24 डिसेंबर 2000 येईल. (तोंडी करायचं असेल तर नऊ महिने मागे जा आणि आठवडाभर पुढे या.) अमेरिकेच्या 1994 ते 2014 च्या आकड्यांत 9 सप्टेंबर पहिली आली, इंग्लंड आणि वेल्समध्ये 1995 ते 2014 मध्ये 26 सप्टेंबर, म्हणजे दोन्हीकडे मागे मोजलं की वर्षअखेरच्या सुट्ट्यांच्या आसपासच पोचतो. पण म्हणून सप्टेंबर सगळीकडे वरच असतो असं नाही, स्वीडनमध्ये मार्च-एप्रिलकडे जन्म वाढायची पद्धत खूप जुनी आहे. हवामान, दिवसाची लांबी, सुट्ट्या, सगळं यात मिसळलेलं असतं, त्यामुळे एका देशाचं कारण उचलून दुसऱ्याला लावू नका.

आणि हे लक्षात ठेवा, मला यातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते. गर्भधारणा एकाच दिवशी झालेली असली तरी बाळं एका दिवशी येत नाहीत, नैसर्गिकपणेच त्यांत एकूण पाच आठवड्यांपर्यंतचा फरक पडतो. त्यामुळे गर्भधारणेचा परिणाम कायम पसरट असणार, त्यातून एका दिवसाचं टोक बनूच शकत नाही. आलेखात एकच दिवस वर किंवा खाली गेलेला दिसला की नऊ महिने मागे बघायचं सोडा, त्या दिवशी काय झालं ते बघा.

खड्डा दिसला की सुट्टी शोधा. अमेरिकेत 25 डिसेंबर, 1 जानेवारी आणि 4 जुलै खाली जातात, इंग्लंड आणि वेल्समध्ये 26 डिसेंबर सगळ्यात खाली. पडताळायचं कसं, तर खड्ड्याच्या आधीचे-नंतरचे दिवस बघा, ते नेहमीपेक्षा वर असले तर जन्म फक्त सरकलेत, कमी झालेले नाहीत. लोकांच्या आवडीनिवडीसुद्धा दिसतात यात. अमेरिकेतल्या 1996 ते 2006 च्या नोंदींत 14 फेब्रुवारीला म्हणजे व्हॅलेंटाइन डेला जन्म साधारण 5 टक्के जास्त होते आणि 31 ऑक्टोबरच्या हॅलोवीनला, म्हणजे भुताखेतांच्या सणाला, 11 टक्के कमी. दर महिन्याची 13 तारीखही, तिकडे 13 आकडा अशुभ मानतात ना, जराशी दबलेली दिसते.

राहिला सुळका, एकच दिवस एकदम उंच. त्याची कारणं दोन असू शकतात. एक, पैसा किंवा नियम. ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2004 पासून जन्मणाऱ्या बाळांसाठी 3000 डॉलर जाहीर केले, तर जूनच्या शेवटच्या दिवसांतले हजारावर जन्म जुलैत ढकलले गेले असं अर्थतज्ज्ञांनी मोजून दाखवलंय. दुसरं कारण कागदाचं. ज्यांची जन्मनोंदच नव्हती अशा लोकांना कागदपत्रं करताना कुठलीतरी तारीख लिहून द्यावी लागते, आणि ती बऱ्याचदा 1 जानेवारी असते, निर्वासितांच्या बाबतीत हे खूप झालंय. म्हणजे त्याच 1 जानेवारीला हॉस्पिटलच्या डेटात खड्डा आणि ओळखपत्रांच्या डेटात सुळका! म्हणून यादी कुठून आलीये ते आधी विचारा, जन्म झाला तेव्हाच लिहिलेली की नंतर कोणी फॉर्म भरताना लिहिलेली.

आता स्वतःची तारीख घ्या. महिना टेकडीवर येतो का बघा, 266 दिवस मागे जा, तारखेला किंवा आदल्या दिवशी तुमच्या देशात सुट्टी असते का बघा, आणि जन्माचा वार काढा. वार मंगळवार, बुधवार निघाला तर डिलिव्हरी ठरवून झाली होती का हे घरी विचारा, आणि रविवार निघाला, त्यातून सणासुदीची सुट्टी असली, तर बहुतेक तुम्ही आपल्या वेळेने आलात, आईकडून ती हकिकत नीट ऐकून घ्या.