नरिमन पॉइंट ते सीएसएमटी, हातात कॅमेरा

मुंबईत सूर्यास्ताचा फोटो काढायचा तर घड्याळाआधी नकाशा बघा. गिरगाव चौपाटीवरून सूर्य जवळजवळ वर्षभर मलबार हिलच्या आड जातो, तो पाण्याला टेकलेला दिसतच नाही. त्यासाठी मरीन ड्राइव्हचं दक्षिण टोक, नरिमन पॉइंटला एनसीपीए नाट्यगृहाजवळचा कठडा गाठायचा. नोव्हेंबरअखेर सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, म्हणून त्या दिवसांत मी फोर्टातल्या ऑफिसातून जरा लवकर सटकते. हिवाळ्यात क्षितिजावर धुरकं असतं आणि सूर्य बऱ्याचदा पाण्याच्या वरच विरून जातो. पण त्या धुरक्यामुळेच त्याचा लालबुंद गोळा फोटोत पांढरा फटक न पडता नीट येतो.

फोन असेल तर सूर्यावर नाही, त्याच्या शेजारच्या आकाशावर बोट दाबून धरा, म्हणजे फोकस आणि उजेड दोन्ही लॉक होतात. मग आकाशाचा केशरी रंग दिसेपर्यंत उजेड खाली ओढा. कठड्यावर बसलेली माणसं काळ्या आकृत्या होतील, होऊ द्या. इथे जोडपी निवांत बसायला येतात. त्यांचे चेहरे ओळखू येतील असा फोटो मी कधीच घेत नाही, तुम्हीही घेऊ नका. आणि चांगल्या कोनासाठी टेट्रापॉडवर, म्हणजे किनाऱ्यावर टाकलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्यांवर, उतरायचं नाही, भरतीच्या वेळी तर मुळीच नाही.

सूर्य बुडाला की गर्दी पांगायला लागते. तुम्ही थांबा. उजवीकडे वळलात की क्वीन्स नेकलेसचे, म्हणजे मरीन ड्राइव्हच्या वळणावरच्या रांगेचे, दिवे चौपाटीपर्यंत वळत गेलेले दिसतील. सूर्यास्तानंतर साधारण वीस मिनिटांनी आकाशाचा निळा उजेड आणि दिव्यांचा उजेड एकमेकांच्या तोलाचे होतात. हा मेळ जेमतेम काही मिनिटं टिकतो, पुढे आकाश काळं पडतं. माझ्या मते सगळ्या संध्याकाळची खरी मिळकत हीच. भरती असेल तर खडक झाकले जातात आणि दिव्यांची प्रतिबिंबं पाण्यात लांबवर उतरतात, म्हणून निघण्याआधी भरतीची वेळ बघून घ्या.

ट्रायपॉड मी नेत नाही, वाटेत येतो. मूग भरलेली छोटी कापडी पिशवी कठड्यावर ठेवते आणि कॅमेरा तिच्यात रुतवते. आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) 100, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/8, शटर आठ सेकंदांच्या आसपास उघडं, दोन सेकंदांचा टायमर आणि लेन्सचं स्टॅबिलायझेशन, म्हणजे हाताची थरथर सावरणारी सोय, बंद. फोनच्या प्रो मोडमध्ये, म्हणजे सेटिंग हाताने ठरवता येतात त्या मोडमध्ये, आयएसओ 50 आणि एक सेकंदापासून सुरुवात करा. दिव्यांभोवती धूसर वलयं दिसली तर सेटिंगशी झटापट करण्याआधी लेन्स बघा. खाऱ्या वाऱ्याचा चिकट थर बसलेला असतो. आधी फुंकणीने, म्हणजे हवा मारायच्या छोट्या रबरी पंपाने, कण उडवा, मग मऊ कापडाने हलकेच पुसा. ओढणीने घासू नका, मिठाने चरे पडतात.

मग चर्चगेटवरून चालत सीएसएमटीकडे. ओव्हल मैदानापलीकडचा राजाबाई टॉवर मावळतीच्या तिरप्या उन्हात सोनेरी दिसतो, पण त्यासाठी वेगळी संध्याकाळ राखून ठेवा.

सीएसएमटीची 1888 साली पूर्ण झालेली इमारत रात्री रंगीत दिव्यांत न्हालेली असते आणि फोन तिला हटकून जास्त उजळ करतो. उजेड एक स्टॉप, म्हणजे निम्म्याने, कमी करा, म्हणजे दगडातलं कोरीवकाम दिसतं. महापालिका मुख्यालयाच्या कोपऱ्यावर, फूटपाथच्या आतल्या बाजूला उभे राहा, पण पिशवी टेकायला आधार हवाच. एफ/11, चार ते सहा सेकंद. बेस्टची बस चौकटीत शिरता शिरता शटर दाबायचं. जाणाऱ्या बसच्या लाल रेषा उमटतात, येणारीच्या पांढऱ्या. डबलडेकर आली तर खिडक्यांच्या उजेडाचे दोन थर मिळतात.

लोकलमध्ये बसल्या बसल्या फोटो डिलीट करू नका. अंधारात स्क्रीन फसवते, काळपट फोटोही उजळ वाटतो. दुसऱ्या दिवशी उजेडात बघा, मगच निवडा.